सिमलिंकने लायब्रऱ्यांचा संघर्ष मिटत नाही

सोर्सपासून सॉफ्टवेअर कंपाइल करताना एकच लायब्ररी तीन वेळा शोधली जाते, आणि दर वेळी शोधणारा वेगळा असतो. कंपायलर तिची हेडर फाइल शोधतो, लिंकर तिची बांधून तयार असलेली फाइल शोधतो, आणि प्रोग्राम सुरू होताना लोडर तीच फाइल पुन्हा नव्याने शोधतो. तिघांचे रस्ते निराळे, नियमही निराळे. तिघांच्या हाती एकाच आवृत्तीची लायब्ररी लागली तर काम बिनबोभाट होते. एकाच्या हाती जुनी आणि दुसऱ्याच्या हाती नवी लागली, किंवा एकाच प्रोग्रामच्या दोन भागांनी दोन आवृत्त्या मागितल्या, की लायब्रऱ्यांचा संघर्ष उभा राहतो.

या संघर्षावर चार तोडगे सर्रास सांगितले जातात. पहिला, हवी ती फाइल नसेल तर असलेल्या फाइलला तिच्या नावाची सिमलिंक द्यावी. दुसरा, एलडी-लायब्ररी-पाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरून लोडरला हव्या त्या डिरेक्टरीकडे वळवावे. तिसरा, नवी आवृत्ती कंपाइल करून रूटच्या अधिकाराने थेट सिस्टिममध्ये बसवावी. चौथा, आणि अलीकडे सर्वांत प्रतिष्ठेचा, सगळे स्टॅटिक लिंक करावे किंवा कंटेनरमध्ये बंद करावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

चारही तोडग्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे: अडचण फाइल सापडण्यापुरती आहे, ती कशीही सापडली की विषय संपला. ही समजूत चुकीची आहे. लायब्ररी आणि प्रोग्राम यांच्यात एक करार असतो. फंक्शनांची नावे, त्यांना दिल्या जाणाऱ्या किमतींचे प्रकार, स्ट्रक्चरमधल्या क्षेत्रांची जागा आणि आकार हे सगळे त्या करारात येते. यंत्रभाषेच्या पातळीवरच्या या कराराला एबीआय म्हणतात. संघर्ष होतो तो या कराराचा, आणि फाइलची जागा किंवा नाव बदलून करार जुळत नाही.

तीन शोध, तीन नियम

लिनक्सवर जीसीसी हेडर शोधताना /यूएसआर/इन्क्लूड पाहण्याआधी /यूएसआर/लोकल/इन्क्लूड पाहते. त्यामुळे कधीकाळी हाताने बसवलेली आणि नंतर विसरली गेलेली लायब्ररी पॅकेज मॅनेजरने बसवलेल्या लायब्ररीला मागे सारते. लिंकर आधी कॅपिटल एल या पर्यायाने दिलेल्या डिरेक्टरी दिलेल्या क्रमाने पाहतो आणि मग स्वतःच्या ठरलेल्या. लोडरचा क्रम आणखी वेगळा आहे. आरपाथ आणि रनपाथ हे प्रोग्राममध्येच नोंदलेले शोधमार्ग असतात. आरपाथ नोंदलेला असेल आणि रनपाथ नसेल तर आधी आरपाथ, मग एलडी-लायब्ररी-पाथ, मग रनपाथ, मग एलडीकॉन्फिगने तयार केलेली कॅश फाइल आणि शेवटी /लिब व /यूएसआर/लिब.

त्यात वितरणांचे फरक मिसळतात. डेबियन आणि उबुंटूवर लोडरच्या यादीत /यूएसआर/लोकल/लिब असते. फेडोरा आणि रेड हॅटवर ते मुळात नसते. म्हणून तोच सोर्स कोड त्याच कमांडनी डेबियनवर कंपाइल होऊन चालतो, आणि फेडोरावर लिंक नीट होऊनही चालवताना शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडता येत नाही असे सांगून थांबतो. कंपायलर बिघडलेला नसतो, लायब्ररीही गायब नसते. लिंकरने जिथे पाहिले तिथे लोडर पाहत नाही, एवढेच कारण असते.

हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असली तर काय होते, हे जेपेग चित्रांच्या लिबजेपेग या लायब्ररीत जवळून पाहता येते. इंडिपेंडंट जेपेग ग्रुपने तिची ६बी ही आवृत्ती १९९८ मध्ये काढली, ७वी २००९ मध्ये आणि ८वी २०१० मध्ये. सातव्या आवृत्तीत चित्राच्या कॉम्प्रेशनसाठी लागणाऱ्या मुख्य स्ट्रक्चरमध्ये इनपुट-गॅमा या क्षेत्रानंतर चार नवी क्षेत्रे घातली गेली. प्रत्येक क्षेत्र ४ बाइटचे असल्याने त्यापुढचे डेटा-प्रिसिजन हे क्षेत्र १६ बाइट पुढे सरकले. जुन्या हेडरने कंपाइल झालेला प्रोग्राम जुन्याच जागी लिहितो आणि नवी लायब्ररी ती जागा दुसऱ्याच क्षेत्राची समजून वाचते. रकान्यांची मांडणी बदललेल्या खतावणीत जुन्या सवयीने आकडे भरले की आकडा खरा असूनही हिशेब चुकतो, तसाच हा प्रकार.

लिबजेपेगच्या कर्त्यांनी हा धोका ओळखून अगदी पहिल्या कॉलमध्येच आवृत्तीचा आकडा आणि स्ट्रक्चरचा आकार तपासण्याची सोय ठेवली. म्हणून लायब्ररी ८० ची आहे आणि प्रोग्रामला ६२ अपेक्षित आहे असा स्पष्ट निरोप देऊन ती थांबते. वैज्ञानिक विदा साठवणारी एचडीएफ५ ही लायब्ररीही हेडरची आणि स्वतःची आवृत्ती जुळली नाही तर प्रोग्राम बंद करते. हा निरोप म्हणजे उपद्रव नव्हे. चुकीची विदा लिहिली जाण्याआधी मिळालेला तो इशारा असतो. एचडीएफ५ ची तपासणी बंद करणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल उपलब्ध आहे, आणि ते वापरण्याचा सल्लाही दिला जातो. तो सल्ला घातक आहे. तपासणी बंद केल्याने आवृत्त्या जुळत नाहीत; जुळत नसल्याचे कळणे तेवढे बंद होते. बहुतेक लायब्रऱ्यांत अशी तपासणी नसतेच. तिथे प्रोग्राम काही काळ ठीक चालतो आणि मग भलत्याच ठिकाणी कोसळतो, किंवा न कोसळता चुकीचे उत्तर देतो.

सिमलिंकचा सल्ला

शेअर्ड लायब्ररीच्या फाइलमध्ये एसओ-नेम नावाची नोंद असते. लिंकर ती नोंद वाचून प्रोग्राममध्ये उतरवतो, आणि लोडर त्याच नावाने फाइल मागतो. लायब्ररीच्या कर्त्यांनी करार मोडणारा बदल केला की एसओ-नेममधला आकडा बदलायचा, अशी शिस्त आहे. लिबटूल वापरणारे प्रकल्प करंट, रिव्हिजन आणि एज असे तीन आकडे सांभाळतात; लिनक्सवर करंटमधून एज वजा करून एसओ-नेमचा आकडा ठरतो. जुने फंक्शन काढले किंवा त्याची रचना बदलली की एज शून्यावर येतो आणि एसओ-नेम बदलते. म्हणजे हा आकडा शोभेचा नसतो. जुन्या करारावर बांधलेल्या प्रोग्रामने ही फाइल वापरू नये, हेच तो सांगत असतो.

सिमलिंक देणारा नेमके हेच सांगणे खोडून काढतो. ओपनएसएसएलची ३.० ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली आणि लायब्ररीचे नाव लिबएसएसएल.एसओ.१.१ वरून लिबएसएसएल.एसओ.३ झाले. उबुंटू २२.०४ मध्ये १.१ चे पॅकेज उरले नाही. जुने प्रोग्राम थांबले, आणि लिबएसएसएल.एसओ.३ या फाइलला १.१ चे नाव देण्याचा सल्ला फिरू लागला. तो मुळात चालतच नाही. ओपनएसएसएलच्या प्रत्येक सिम्बॉलवर, म्हणजे फंक्शनासारख्या नावावर, आवृत्तीची खूण असते. जुना प्रोग्राम १.१.० ची खूण असलेले सिम्बॉल मागतो, नव्या फाइलमध्ये ती खूण नसते, आणि लोडर आवृत्ती सापडली नाही असे सांगून थांबतो. इथे खुणेने नुकसान टाळले. खुणा नसलेल्या लायब्ररीत हीच सिमलिंक निमूट स्वीकारली जाते, आणि पुढे काय घडेल ते स्ट्रक्चरमधल्या कोणत्या क्षेत्राची जागा सरकली आहे यावर अवलंबून राहते.

सिमलिंक दिल्यावर प्रोग्राम चालतो, हा अनुभव अनेकांचा आहे आणि तो खोटा नाही. प्रोग्राम जी मोजकी फंक्शने वापरतो ती दोन्ही आवृत्त्यांत तशीच राहिली असतील तर तो चालतोच. मात्र ती तशीच राहिली आहेत हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि सिमलिंक सुचवणारा सहसा ते तपासत नाही. चालणे हा पुरावा त्या एका दिवसाच्या त्या एका कामापुरता असतो. शिवाय ती सिमलिंक पॅकेज मॅनेजरच्या नोंदीत नसते. पुढच्या अपडेटमध्ये मूळ फाइल बदलली की वर्षभरापूर्वीचा तोडगा कोणालाही न आठवता अचानक उघडा पडतो.

सोर्स हाताशी असताना तर सिमलिंकला काहीच निमित्त उरत नाही. डेबियनवर लिबजेपेग-टर्बो ६२ च्या करारानुसार बांधलेली असते, उबुंटूवर ८ च्या. उबुंटूवर बांधलेला प्रोग्राम डेबियनवर नेला की तो लिबजेपेग.एसओ.८ मागतो. सरळ उत्तर म्हणजे तो प्रोग्राम डेबियनवरच्या हेडरनी पुन्हा कंपाइल करणे. ते शक्य नसेल तर लिबजेपेग-टर्बो ८ च्या कराराचा पर्याय देऊन वेगळ्या डिरेक्टरीत बांधता येते. तिच्या कर्त्यांनी तो पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे. दोन्ही मार्गांत करार खरोखर जुळतो.

एलडी-लायब्ररी-पाथचा सल्ला

या व्हेरिएबलचे एक योग्य काम आहे. लायब्ररी बसवण्याआधी बिल्ड डिरेक्टरीतूनच चाचण्या चालवायच्या असतील तर एका कमांडपुरते ते वापरावे. अडचण सुरू होते ती ते लॉगिनच्या फाइलमध्ये कायमचे लिहिल्यावर. मग ते एका प्रोग्रामसाठी राहत नाही. त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला, आणि त्या प्रोग्रामने सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रोग्रामला ते लागू होते. ॲनाकोंडाची लायब्ररी डिरेक्टरी त्यात घातली की सिस्टिमच्या बॅशलासुद्धा ॲनाकोंडाची लिबटिन्फो मिळते, आणि तिच्यात आवृत्तीची माहिती नाही अशी सूचना टर्मिनलवर येऊ लागते. बॅशला ॲनाकोंडाशी काही देणेघेणे नव्हते. तो विनाकारण संघर्षात ओढला गेला. उलट बाजूने, सेट-यूआयडी प्रोग्रामसाठी लोडर सुरक्षेच्या कारणाने हे व्हेरिएबल मानत नाही. ज्यांना नको त्यांना ते लागते आणि जिथे लागावे असे वाटते तिथे कधीकधी लागत नाही.

लायब्ररी कुठे आहे हे ज्या प्रोग्रामला माहीत असायला हवे त्याच प्रोग्राममध्ये ते नोंदवणे हा योग्य उपाय आहे. लिंक करताना आरपाथ द्यावा. प्रोग्राम आणि लायब्ररी एकत्र हलणार असतील तर ओरिजिन या खुणेने प्रोग्रामच्या जागेपासूनचा सापेक्ष मार्ग लिहावा. यात एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. आजच्या अनेक वितरणांत हा पर्याय दिल्यावर आरपाथऐवजी रनपाथ लिहिला जातो. आरपाथ प्रोग्रामच्या लायब्रऱ्यांनी पुढे मागितलेल्या लायब्रऱ्यांनाही लागू होतो. रनपाथ फक्त थेट मागितलेल्या लायब्रऱ्यांना लागू होतो. म्हणून पहिली लायब्ररी सापडते आणि तिने मागितलेली दुसरी सापडत नाही. अशा वेळी त्या पहिल्या लायब्ररीलाही तिचा स्वतःचा रनपाथ द्यायचा असतो. हे न समजल्यामुळेच कित्येकजण आरपाथ चालत नाही असे म्हणून पुन्हा एलडी-लायब्ररी-पाथकडे वळतात.

सिस्टिममध्ये थेट बसवण्याचा सल्ला

प्रीफिक्स, म्हणजे बसवण्याची मूळ डिरेक्टरी, न देता कॉन्फिगर केलेले सॉफ्टवेअर बहुधा /यूएसआर/लोकलमध्ये जाते. प्रीफिक्स /यूएसआर दिला तर पॅकेज मॅनेजरच्या फाइलींवर नव्या फाइली लिहिल्या जातात. पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या नोंदीनुसार जुनी आवृत्ती जागेवर असते, डिस्कवर दुसरीच असते. पुढचे अपडेट हाताने बसवलेली फाइल पुसून टाकते, किंवा हाताने बसवलेली फाइल सुरक्षा दुरुस्ती झाकून ठेवते. डेबियनवर तर /यूएसआर/लोकलमधली लायब्ररीही तेच एसओ-नेम मागणाऱ्या सिस्टिमच्या प्रोग्रामना मिळू शकते, कारण लोडरच्या यादीत ती जागा आहे.

जीलिबसी या मूळ सी लायब्ररीच्या बाबतीत ही चूक संपूर्ण सिस्टिम बंद पाडते. लोडर आणि ही लायब्ररी एकाच बिल्डचे असावे लागतात. नव्या सॉफ्टवेअरने २.३४ ची खूण मागितली म्हणून जीलिबसी हाताने बदलू पाहणाऱ्याची एक फाइल बदलली आणि दुसरी बदलायची राहिली, तर फाइलींची यादी दाखवणारी किंवा फाइल कॉपी करणारी साधी कमांडही चालत नाही. चूक दुरुस्त करायला लागणारी साधनेच त्या चुकीने बंद पडतात. जुन्या सिस्टिमवर नवी जीलिबसी बसवण्यापेक्षा नवे सॉफ्टवेअर त्या जुन्या सिस्टिमवरच कंपाइल करणे हा तिथला नेमका उपाय आहे. सोर्स असण्याचा खरा फायदा तोच आहे.

प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळा प्रीफिक्स दिला की हा सगळा धोका टळतो. जीएनयू स्टो वापरून वेगवेगळ्या डिरेक्टरींतले सॉफ्टवेअर एका झाडात दाखवता येते आणि हवे तेव्हा काढता येते. डेस्टडिर वापरून फाइली आधी बाजूला उतरवता येतात आणि त्यांचे रीतसर पॅकेज करता येते. यापैकी कशालाच फार वेळ लागत नाही.

स्टॅटिक आणि कंटेनरचा सल्ला

चौथ्या सल्ल्याची बाजू सर्वांत भक्कम आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. स्टॅटिक लिंक केलेला प्रोग्राम चालताना लोडरचा शोध होत नाही, त्यामुळे संघर्षाचा तिसरा टप्पा संपतो. गो भाषेतली छोटी साधने एका फाइलच्या रूपात कुठेही नेता येतात, हा मोठा लाभ आहे. शेअर्ड लायब्ररीतला दोष सगळ्यांना एकदम बाधतो, हेही खरे. मार्च २०२४ मध्ये उघड झालेला एक्सझेडमधला मागचा दरवाजा लिबएलझेडएमए या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून एसएसएच सर्व्हरपर्यंत पोहोचू शकत होता.

असे असले तरी स्टॅटिक लिंकिंगने संघर्ष सुटतो हा दावा टिकत नाही. पहिले कारण म्हणजे हेडर आणि लिंकर हे दोन टप्पे तसेच राहतात. एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या जीसीसी ५ ने सी प्लस प्लसच्या स्ट्रिंग आणि लिस्ट या प्रकारांची रचना बदलली, कारण सी प्लस प्लस ११ च्या मानकात स्ट्रिंगची जुनी, प्रत वाटून घेण्याची पद्धत बसत नव्हती. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून लायब्ररीचे एसओ-नेम तेच ठेवून दोन्ही रचना तिच्यात शेजारी ठेवल्या गेल्या. नव्या रचनेच्या सिम्बॉलच्या नावात सीएक्सएक्स११ हा भाग येतो. जुन्या कंपायलरने बांधलेली लायब्ररी नव्या कोडशी जोडली की लिंकर स्ट्रिंग घेणारे फंक्शन सापडत नाही असे सांगतो. लायब्ररी स्टॅटिक असो वा शेअर्ड, ही अडचण तीच राहते. दोन्ही बाजू एकाच रचनेने पुन्हा कंपाइल करणे हेच तिचे उत्तर.

दुसरे कारण जीलिबसीचेच आहे. होस्टचे नाव शोधणारी आणि युजरची माहिती वाचणारी फंक्शने चालताना इतर लायब्रऱ्या उघडतात. ती स्टॅटिक प्रोग्राममध्ये घेतली तर लिंकर बजावतो की प्रोग्राम चालेल तिथे जीलिबसीची तीच आवृत्ती लागेल. सुटल्यासारखा वाटणारा संघर्ष दुसऱ्या दाराने परत येतो.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. २००२ मध्ये झेडलिब १.१.३ मध्ये एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष सापडला आणि १.१.४ मध्ये दुरुस्त झाला. शेअर्ड झेडलिब वापरणाऱ्या प्रोग्रामना एक फाइल बदलून दुरुस्ती मिळाली. ज्या प्रकल्पांनी झेडलिबची प्रत स्वतःच्या सोर्समध्ये घालून ठेवली होती, त्या प्रत्येकाला ती आपल्या ठिकाणी शोधून बदलावी लागली. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला तेव्हा दुरुस्त केलेले पॅकेज बसवून सर्व्हिस पुन्हा सुरू केल्या की शेअर्ड लायब्ररी वापरणारे प्रोग्राम सावरले. स्टॅटिक प्रती कोणत्या प्रोग्राममध्ये आहेत याची यादी ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना आपण सुरक्षित आहोत की नाही हे ठरवणेच कठीण होते. एक्सझेडच्या बाबतीतही तेच दिसले: दोष एका फाइलमध्ये होता, म्हणून तो एक पॅकेज मागे घेऊन काढता आला.

कंटेनरमध्येही कंपायलर, लिंकर आणि लोडर तेच असतात. कंटेनर एका प्रोग्रामचा संघर्ष दुसऱ्या प्रोग्रामपासून दूर ठेवतो. एकाच प्रोग्रामच्या पोटातला संघर्ष तो सोडवत नाही. शिवाय आतल्या लायब्रऱ्यांच्या सुरक्षा दुरुस्त्यांची जबाबदारी वितरणाकडून काढून इमेज बांधणाऱ्याकडे येते. ती जबाबदारी उचलणाऱ्याने कंटेनर जरूर वापरावा. ती टाळण्यासाठी वापरू नये.

एका प्रोग्राममध्ये दोन आवृत्त्या

चारही तोडग्यांचा कस लागतो तो इथे. प्रोग्राम ओपनएसएसएल ३ वर बांधला आहे आणि त्याने घेतलेली लिबकर्ल १.१ वर बांधलेली आहे. एसओ-नेम वेगळी असल्याने दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी मेमरीत येतात. लिनक्सवर सिम्बॉल शोधताना आधी सापडलेली व्याख्या सगळ्यांना मिळते. खुणा नसत्या तर एका आवृत्तीच्या फंक्शनच्या हाती दुसरीचे स्ट्रक्चर गेले असते. खुणा असल्याने फंक्शने वेगळी राहतात. पण लिबकर्लचा एक पर्याय प्रोग्रामला ओपनएसएसएलच्या संदर्भ-स्ट्रक्चरचा पॉइंटर देतो. त्या पॉइंटरवर प्रोग्रामने आपल्या आवृत्तीचे फंक्शन चालवले की खुणांचे संरक्षण संपते, कारण खुणा नावांना असतात, विदेला नसतात.

डेबियनला ओपनएसएसएल १.० वरून १.१ वर जाताना हीच अडचण आली. लिबकर्लच्या स्वतःच्या फंक्शनांत मोडणारा बदल नव्हता. तरीही २०१८ मध्ये पॅकेजचे नाव लिबकर्ल३ वरून लिबकर्ल४ करण्यात आले आणि तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे पुन्हा बांधली गेली, कारण त्या पॉइंटरमागचे स्ट्रक्चर बदलले होते. सिमलिंक, व्हेरिएबल, जबरदस्तीची स्थापना किंवा कंटेनर यांपैकी कशानेही हे साधले नसते. संपूर्ण साखळी एका आवृत्तीवर आणणे हा एकच उपाय होता आणि तोच केला गेला.

संघर्ष सोडवण्याचा क्रम

पहिले काम निदानाचे. निरोप कोणत्या टप्प्यावर आला ते आधी पाहावे. हेडर सापडत नाही किंवा स्ट्रक्चरमध्ये क्षेत्र नाही, असा निरोप कंपायलरचा. संदर्भ अपूर्ण आहे किंवा एकाच नावाच्या दोन व्याख्या आहेत, हा लिंकरचा. फाइल उघडत नाही, आवृत्ती सापडत नाही किंवा सिम्बॉल सापडत नाही, हा लोडरचा. तिघांनाही ते कुठे पाहत आहेत हे विचारता येते. जीसीसीला कॅपिटल एच हा पर्याय दिला की वापरलेल्या प्रत्येक हेडरचा पूर्ण मार्ग छापला जातो. लिंकरला ट्रेसचा पर्याय दिला की उघडलेली प्रत्येक फाइल दिसते. एलडी-डीबग या व्हेरिएबलमध्ये लिब्ज लिहून प्रोग्राम चालवला की लोडरने कोणत्या डिरेक्टरी कोणत्या क्रमाने पाहिल्या ते दिसते. तिन्ही याद्या शेजारी ठेवल्या की संघर्ष कुठे आहे ते बहुतेक वेळा तिथेच कळते. प्रोग्राममधल्या नोंदी रीडएल्फने वाचाव्यात. अनोळखी फाइलवर एलडीडी चालवू नये, कारण ती फाइल त्या ओघात चालवली जाऊ शकते.

दुसरे काम जुने अवशेष काढण्याचे. सीमेक पूर्वी सापडलेले मार्ग आपल्या कॅश फाइलमध्ये जपून ठेवते. लायब्ररी बदलली तरी ते जुनेच मार्ग वापरते. ऑटोकॉन्फच्या प्रकल्पात आधी बांधलेल्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहतात. म्हणून लायब्ररीची आवृत्ती बदलल्यावर बिल्ड डिरेक्टरी रिकामी करून सुरुवात करावी, आणि ॲनाकोंडासारखे वातावरण चालू असेल तर ते बंद करूनच कॉन्फिगर करावे.

तिसरे काम निवडीचे, आणि तिथेही क्रम आहे. वितरणाच्या डेव्हलपमेंट पॅकेजवर सॉफ्टवेअर बांधता येत असेल तर तेच करावे. येत नसेल तर संपूर्ण साखळी एका आवृत्तीवर पुन्हा कंपाइल करता येते का ते पाहावे. सॉफ्टवेअर जुन्या फंक्शनांवर अडले असेल तर त्याचा सोर्स दुरुस्त करावा आणि ती दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. हे तिन्ही शक्य नसतील तेव्हा वेगळा प्रीफिक्स घ्यावा, पीकेजी-कॉन्फिगला त्याचा मार्ग द्यावा म्हणजे हेडर आणि लायब्ररी एकाच ठिकाणाहून येतील, आणि लोडरसाठी आरपाथ नोंदवावा. स्टॅटिक लिंकिंग आणि कंटेनर यांचा विचार त्यानंतर, आत कोणत्या आवृत्त्या आहेत याची लेखी नोंद ठेवून.

हा क्रम मोठ्या प्रमाणावर चालतो याचे पुरावे आहेत. एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ मधील उत्रेख्त विद्यापीठातल्या प्रबंधात मांडलेली निक्स ही पद्धत प्रत्येक बिल्डला त्याच्या सर्व घटकांवरून काढलेल्या खुणेची स्वतंत्र डिरेक्टरी देते. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत सुरू झालेले स्पॅक हेच महासंगणकांवर करते आणि प्रत्येक प्रोग्राममध्ये लायब्ररीचा मार्ग नोंदवते. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर संशोधकाला रूटचा अधिकार नसतो. तिथे सिस्टिमच्या फाइलींवर सिमलिंक देण्याची सोयच नाही. तरीही अशा यंत्रांवर एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी नांदतात, कारण प्रत्येकीची जागा वेगळी आणि प्रत्येक प्रोग्रामची नोंद स्पष्ट असते.

लायब्ररी लिहिणाऱ्यांवरही या शिस्तीची जबाबदारी आहे. जीलिबसीने २०१० च्या सुमारास मेमरी कॉपी करणाऱ्या मेमकॉपी फंक्शनची गती वाढवली तेव्हा त्याचा चुकीचा वापर करणारे फ्लॅश प्लगइन फेडोरा १४ वर बिघडले. मानकाच्या दृष्टीने चूक प्लगइनची होती. तरी २.१४ मध्ये नव्या वर्तनाला नवी खूण दिली गेली आणि जुन्या प्रोग्रामना जुने वर्तन मिळत राहिले. वापरणाऱ्याचा विश्वास राखणे म्हणजे काय, ते या निर्णयात दिसते.

सिमलिंक, व्हेरिएबल, जबरदस्तीची स्थापना किंवा कंटेनर सुचवणाऱ्याने त्याआधी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत: हेडर कुठून आले, लिंकरने काय उघडले, लोडरला काय मिळाले. ही उत्तरे न विचारता दिलेला सल्ला हा उपाय नसतो. तो निरोप गप्प करतो आणि दोष तसाच ठेवतो. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आणि कार्यालयांत सोर्सपासून सॉफ्टवेअर बांधायला शिकवणाऱ्यांनी पहिल्या कमांडबरोबरच हे तीन प्रश्न शिकवावेत.